भिंत गुण्यात नाही

आमच्या नव्या स्वयंपाकघरात मटार सोलता येत नाहीत. म्हणजे सोलता येतात, ठेवता येत नाहीत. दाणा ओट्यावर टेकला की क्षणभर थबकतो आणि मग सिंककडे पाठ फिरवून गॅसच्या दिशेने चालू लागतो. एक निघाला की मागचे निघतात, वारीला निघाल्यासारखे. आईने पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि म्हणाली, "ओटा उतरता आहे." 1 लाख 58 हजार रुपये आणि 26 दिवस घालवून आम्ही जे घेतलं, त्याचं इतकं नेमकं वर्णन पुढे कुठल्याच तज्ज्ञाला जमलं नाही.

जुना ओटा कडप्प्याचा होता. 1994 साली बिल्डरने दिलेला. खाली कडप्प्याचेच खण, त्यांना दारं नाहीत, आईने जुन्या साडीचा शिवलेला पडदा. त्या पडद्याआड कुकर, पुरणयंत्र, सोऱ्या, खलबत्ता, दोन पराती, सिलिंडर आणि एक पितळी पातेलं, जे कुणाच्या तरी लग्नात आलं होतं आणि कुणाच्या तरी लग्नात देऊन टाकायचं होतं. रात्री जेवणं आटपली की ओट्यावर दोन तांबे पाणी ओतायचं, झाडूने सिंककडे लोटायचं, फडक्याने पुसायचं. तीस वर्षं त्या दगडाने तक्रार केली नाही. त्याचा दोष एकच. तो काळा होता, त्यामुळे त्यावर सांडलेलं गूळपाणी आम्हाला दिसत नसे, मुंग्यांना दिसत असे.

पण मेव्हण्याने मॉड्युलर किचन केलं. त्याच्याकडे ड्रॉवर बोटाने ढकलला की तो आपण होऊन हळूच मिटतो, लाजल्यासारखा. बायकोने तो सात वेळा मिटून पाहिला. आठव्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. घरी येताना गाडीत कुणी काही बोललं नाही.

शोरूम वाकडला होतं. गावाच्या नावातच सूचना असताना आम्ही गेलो. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "सर, बजेट काय आहे?" या प्रश्नाला खरं उत्तर देणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही. मनात 1 लाख 20 हजार होते, मी 80 हजार सांगितले. त्याने माझ्या चपलांकडे, मग बायकोच्या पर्सकडे पाहिलं आणि कागदावर 1 लाख 35 हजार लिहिले. मी खोटं बोललो होतो, त्याने ते दुरुस्त करून वर दंड लावला होता.

मग त्याने कॉम्प्युटरवर आमचं स्वयंपाकघर दाखवलं. काय सांगू! खिडकीबाहेर समुद्र. (आमच्या खिडकीबाहेर डक्ट आहे, आणि त्यात वरच्या मजल्यावरच्यांचं पोछ्याचं फडकं वाळत असतं.) ओट्यावर एका काचेच्या भांड्यात सहा हिरवी सफरचंदं. बाजूला एक ऑर्किड. बस्स. कुकर नाही, तेलाची बुधली नाही, मिसळणाचा डबा नाही, भिंतीला टेकवलेली पोळपाटाची जोडी नाही, नळाला बांधलेलं गाळणीचं फडकं नाही. आई बराच वेळ त्या चित्राकडे बघत होती. शेवटी तिने विचारलं, "हे लोक जेवतात कुठे?"

"युरोपियन कन्सेप्ट आहे, आजी," मुलगा म्हणाला.

यात तो खोटं बोलत नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची टंचाई झाली, फ्रँकफुर्टच्या नगरपालिकेने हजारो घरं बांधायला काढली, आणि 1926 साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या तरुण वास्तुरचनाकार बाईंनी त्या घरांसाठी 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब असं एक स्वयंपाकघर आखलं. रेल्वेच्या भोजनाच्या डब्यातल्या चिंचोळ्या स्वयंपाकघरावरून त्यांना ते सुचलं. घड्याळ लावून बाईची प्रत्येक हालचाल मोजली, आणि भांडं, नळ, शेगडी हाताच्या अंतरावर आणून ठेवली. अशी सुमारे 10 हजार स्वयंपाकघरं तेव्हा बसवली गेली. आज आपल्याकडे जे काही ट्रॉली-शटर-खण नावाने विकलं जातं, त्याची पणजी ती. पुढे बाईंनी स्वतःच सांगून टाकलं, की ते आखेपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता.

मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "दिसतंय."

पण बाईंवर अन्याय नको. त्यांनी पिठाचा खण ओकच्या लाकडाचा केला होता, कारण त्या लाकडाने पिठातली कीड दूर राहते. कशात काय ठेवणार ते आधी ठरवलं, मग लाकूड निवडलं. आमच्या बाबतीत आधी पैसे ठरले, मग लाकूड ठरलं, आणि लाकूड ठरलं ते असं, की ते लाकूडच नव्हतं.

त्याचं झालं असं. मुलाने आधी मरीन प्लाय दाखवला. त्याला आयएस 710 नावाचं भारतीय मानक आहे. त्या परीक्षेत प्लायचा तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात, आणि तरीही थर सुटले नाहीत तरच तो पास. बायको हे ऐकून भारावली. 72 तासांत आमच्याकडे नऊ वेळा वरणभात होतो. पण त्या प्लायने किंमत 45 हजारांनी वाढत होती. तेव्हा मुलाने दुसरा तुकडा पुढे केला. पार्टिकल बोर्ड. लाकडाचा भुसा आणि चिपा रेझिनमध्ये कालवून, दाबून, वरून लॅमिनेट चिकटवलेली पाटी. थोडक्यात भुशाची वडी.

"वॉटरप्रूफ आहे ना?" मी विचारलं.

"वॉटर रेझिस्टंट आहे सर."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी लागू द्यायचं नाही."

स्वयंपाकघरात. सिंकखाली. पुण्यात, जिथे पाणी येतं तेव्हा माणसं बादल्या, पिंप, कळशा, रिकामे डबे भरून ठेवतात. हा संवाद मला आजही रात्री आठवतो. त्याच क्षणी उठून यायला हवं होतं. त्याऐवजी मी विचारलं, "हे घेतलं तर चिमणी फ्री देणार का?"

शेवटी त्याने आवाज खाली आणून विचारलं, "सर, बिल हवंय? बिल असेल तर 18 टक्के वर लागतील." मी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. आम्ही प्रामाणिक माणसं आहोत, पण 18 टक्के म्हणजे प्रामाणिकपणाच्या मानाने जरा जास्तच होतं. आम्हाला गुलाबी कागदावर हाताने लिहिलेला अंदाज मिळाला. त्याच्या कोपऱ्यात शोरूमच्या नावाऐवजी गणपतीचं चित्र होतं.

जुना ओटा फोडायला दोन माणसं आली. कडप्पा फुटेना. 30 वर्षांचं सिमेंट त्याला सोडेना, आणि खरं सांगायचं तर आईलाही सोडवेना. ती दुपारभर देवळात जाऊन बसली. अखेर मोठी फरशी अखंडच निघाली, सव्वासहा फूट. राडारोडा उचलायचे 4 हजार वेगळे होते, ते 'पूर्ण किचन' या शब्दांत बसत नव्हते. फरशी खाली नेत असताना वॉचमनने विचारलं, "साहेब, ही टाकणार का?" मी म्हटलं, "घेऊन जा." एवढा उदार मी त्या महिन्यात पुन्हा झालो नाही.

'फिटिंग एका दिवसात' असं ठरलं होतं. एक दिवस हे बरोबर होतं, फक्त तो सलग नव्हता. सोमवारी तेरा खोकी आली. मंगळवारी कुणी आलं नाही. बुधवारी दोन फिटर आले, खोकी मोजली आणि स्क्रू आणायला गेले ते शुक्रवारी उगवले. मधल्या काळात स्वयंपाक हॉलमध्ये, टीव्हीसमोर, इंडक्शनवर. आमच्या मुलाला फोडणीत बातम्यांचा वास यायला लागला.

खोकी उघडल्यावर कळलं की बारावं आमचं नाही. त्यात जांभळं दार होतं. आमची सगळी दारं हस्तिदंती. चौकशीत निष्पन्न झालं, की आमचं एक दार हडपसरच्या कुणा गिऱ्हाइकाकडे गेलंय आणि त्यांचं आमच्याकडे आलंय. "बदलून देऊ," शोरूम म्हणालं. ते दार आजही जांभळं आहे. येणारे पाहुणे म्हणतात, कॉन्ट्रास्ट छान साधलाय. आम्ही मान डोलावतो. हडपसरमध्येही कुणीतरी डोलावत असणार.

आता ओट्याबद्दल. मॉड्युलरचे खण थेट जमिनीवर बसत नाहीत, प्रत्येकाखाली प्लॅस्टिकचे पाय असतात. ते पिळले की वर-खाली होतात, म्हणजे फरशी कशीही असो, वरचा पृष्ठभाग पाण्यासारखा समतल करता येतो. ही या पद्धतीतली खरोखर उत्तम गोष्ट. मात्र पाय पिळावे लागतात. आमच्या फिटरने ते पिशवीतून काढले तसे लावले. दोन पाय कमी पडले तिथे टाइलचे तुकडे रचले. एका ठिकाणी टाइलही कमी पडली, तिथे खोक्याचा पुठ्ठा चार घड्या करून घातला. त्यावर ग्रॅनाइट ठेवलं आणि भिंतीशी चोपून बसवलं.

मी गणिताचा मास्तर नाही, पण मला दोन डोळे आहेत. माझ्या हिंदीचा जो काही साठा आहे तो सगळा गोळा करून मी म्हटलं, "दादा, ये थोडा तिरका वाटता है."

"नहीं सर, एकदम लेवल में है."

"पाणसळ है क्या तुम्हारे पास?"

त्याला पाणसळ कळेना, मला त्याचं हिंदी येईना. शेवटी त्याने खिशातून फोन काढला, त्यातलं लेव्हल दाखवणारं ॲप उघडलं आणि फोन ओट्यावर आडवा ठेवला. पडद्यावर शून्य. मी निरुत्तर झालो. विज्ञानापुढे माणूस काय बोलणार? ते लोक गेल्यावर दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की त्याच्या फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचं टेंगूळ होतं आणि फोन ठेवताना ते नेमकं उताराच्या बाजूला आलं होतं. उतार आणि टेंगूळ यांची वजाबाकी शून्य आली होती.

ओट्याची उंची 36 इंच. 'स्टँडर्ड' आहे म्हणे. आईची उंची चार फूट दहा इंच, तीही स्टँडर्डच, तिच्या पिढीची. लग्नानंतर ती सासरी पाटावर बसून चुलीपुढे स्वयंपाक करायची. आता ती पाटावर उभी राहून करते. पाट तोच आहे.

भिंत आणि खण यांच्यामध्ये एका टोकाला फट शून्य, दुसऱ्या टोकाला दोन बोटं. मी फटीत बोटं घालून दाखवली. फिटरने मान हलवली. त्या मानेत दुःख होतं, पण आमच्याबद्दल नाही, बिल्डरबद्दल. "दीवार गुनिया में नहीं है, सर." भिंत गुण्यात नाही. म्हणजे दोन भिंती एकमेकींशी काटकोन करत नाहीत. हे खरं असणार. 30 वर्षं आम्ही त्या भिंतींमध्ये राहिलो, त्यांनी कधी जाणवू दिलं नाही. पण त्या दिवसापासून जे काही बिनसलं त्या सगळ्याला तेच एक उत्तर मिळू लागलं. ड्रॉवर फ्रिजच्या दाराला अडतो? भिंत गुण्यात नाही. मिक्सरचा प्लग खणाच्या मागे गेला? भिंत. चिमणीचं भोक खिडकीऐवजी बाथरूमच्या बाजूला पाडलं? इथे तो थोडा अडखळला, पण शेवटी भिंतच.

मग त्याच भिंतीत ड्रिल मारताना आतला पाइप फुटला. मी अंगठा दाबून उभा, फिटर चिंधी शोधतोय, बायको जिन्याने खाली धावतेय. कोणता कॉक कोणत्या फ्लॅटचा हे सोसायटीत फक्त वॉचमनला माहीत. त्याने दोन मिनिटांत पाणी तोडलं. तोवर सिंकखालचा खण भिजला होता. पार्टिकल बोर्डाला पाणी लागलं की काय होतं ते आम्हाला तीन दिवसांत कळलं. ते आधी काहीच करत नाही. मग कडेने फुगायला लागतं. मग लॅमिनेट सुटून वर उचललं जातं. तिसऱ्या दिवशी तो तळ असा टम्म दिसत होता की त्याला टाचणी लावावीशी वाटावी.

तक्रार केली. शोरूमच्या मुलाने फोटो मागवले. मी अकरा पाठवले. उत्तर आलं: "सर, फोटोत सरळ दिसतंय." मी मटारांचा व्हिडिओ पाठवला. त्यावर त्याने हसण्याचा चेहरा पाठवला आणि माणूस पाठवतो असं लिहिलं.

माणसं आली. एकामागून एक, चार. प्रत्येकाची पद्धत सारखी. दारात उभं राहायचं, ओट्याकडे बघायचं, जीभ टाळूला लावून 'च्च' करायचं आणि विचारायचं, "हे कुणी केलंय?" मग आधीच्याची सविस्तर निंदा, त्यात आम्हीही हिरिरीने भाग घ्यायचो, चहा व्हायचा. आणि मग तो पिशवीतून सिलिकॉनची नळी काढायचा. फट आहे? सिलिकॉन. दार खडखडतंय? सिलिकॉन. ओटा उतरता आहे? त्याने उताराच्या टोकाला सिलिकॉनचा एक बारीक बांध घातला, मटार अडवायला. त्यामुळे गॅसखाली मटार जायचे थांबले, पण पुसलेलं पाणीही तिथेच साचतं. चौथ्या खेपेला जो आला त्यानेही दारातून बघून 'च्च' केलं. "हे कुणी केलंय?"

"तुम्हीच," बायको म्हणाली.

तो जवळ आला. खाली वाकून पुठ्ठा पाहिला. ओळख पटली असावी. म्हणाला, "मग मटेरियल हलकं असेल."

त्या रात्री मी ग्राहक कायदा वाचायला घेतला. 2019 चा कायदा आहे आणि चांगला आहे. सदोष वस्तू आणि सदोष सेवा दोन्हींसाठी दाद मागता येते. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जायचं, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, 1915 या क्रमांकावर सल्ला मिळतो. शिवाय मी राहतो त्या पुण्यातच बिंदुमाधव जोशींनी 1974 साली ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. म्हणजे परंपराही माझ्या बाजूला. छाती भरून आली. मी कागद काढले. तक्रारीसोबत जोडायचं पहिलं कागदपत्र: बिल. माझ्याकडे गुलाबी कागद होता आणि त्यावर गणपती होता. मी त्याला नमस्कार केला आणि फाइल बंद केली.

अखेर आईने तिच्या माहितीतल्या एका म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. आमच्या जुन्या घराचं देवघर त्यांनी केलं होतं. ते आले ते हातात पिशवी घेऊन, पिशवीत ओळंबा, गुण्या आणि अर्धी भरलेली पाण्याची बाटली. बाटली ओट्यावर आडवी ठेवली, आतली पाण्याची रेघ पाहिली, हं केलं. ओळंबा सोडला, पुन्हा हं. गुण्या कोपऱ्यात लावला आणि या वेळी हं केलं नाही. मला म्हणाले, "भिंत खरंच गुण्यात नाही." त्या फिटरबद्दल क्षणभर मला अपराधी वाटलं.

"पाय पिळून सरळ करता येईल ना?" मी विचारलं.

"आधी करायचं होतं. आता ग्रॅनाइट भिंतीला धरलंय. पाय फिरवले की सांधा सुटेल, सांधा सुटला की पाणी आत, पाणी आत गेलं की हे..." त्यांनी सिंकखालच्या फुगलेल्या तळावर नखाने टकटक केलं. भुसा गळला. "भिजल्या बिस्किटासारखं होईल. सवय करा."

मी पैसे विचारले. काही केलंच नाही तर कसले पैसे, म्हणाले. चहा घेतला. साखर वाढायला बायकोने कोपऱ्यातला खण उघडला. त्यासाठी आधी फ्रिजचं दार लावावं लागतं, मग मधला ड्रॉवर अर्धा ओढावा लागतो, मग जांभळं दार उघडावं लागतं. ते शांतपणे बघत होते. म्हणाले, "राहू द्या. मी बिनसाखरेचाच घेतो."

मध्यंतरी मंडईत पुरंदरचा मटार आला. आई दोन किलो घेऊन आली आणि पिशवी घेऊन तशीच पुन्हा खाली गेली. अर्धा तास झाला, तास झाला, वर येईना, म्हणून मी बघायला गेलो. गेटजवळच्या कडुनिंबाखाली ती आणि सोसायटीतल्या दोघी बसल्या होत्या. आमच्याच कडप्प्यावर. वॉचमनने त्याचं बाकडं केलंय. दाण्यांचा ढीग मधोमध होता आणि जागचा हलत नव्हता.

मी वॉचमनला विचारलं, इतकं सरळ कसं बसवलं? म्हणाला, सोळा विटा, खाली थोडी वाळू, आणि वर पाण्याचा पेला ठेवून बघितलं. वीस मिनिटं लागली.